एका सेलपासून स्टॅकपर्यंत: भारतातल्या फ्युएल सेल संशोधकांची वाट

२००६ साली देशाच्या हायड्रोजन ऊर्जा आराखड्यात एक मोठं उद्दिष्ट लिहिलं गेलं. २०२०पर्यंत हायड्रोजनवर चालणारी दहा लाख वाहनं आणि १,००० मेगावॉट वीज. प्रत्यक्षात २०२०च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, केपीआयटी ही कंपनी आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, यांनी मिळून उभी केलेली एक मोटार चाचणीसाठी धावली. साधी पाच आसनी सेडान, तिच्यात दहा किलोवॉटचा फ्युएल सेल स्टॅक, साधारण ३५० बार दाबाखाली पावणेदोन किलो हायड्रोजन. ताशी साठ-पासष्टच्या वेगाने ती अडीचशे किलोमीटर जाईल, असा अंदाज होता.

उद्दिष्ट आणि वास्तव यांच्यातली ही तफावत पाहून संशोधन फसलं असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते मान्य नाही. ज्या रसायन अभियंत्यांनी या विषयाला उमेदीची वीस-तीस वर्षं दिली, त्यांच्या कामाचा माग काढला तर वेगळंच चित्र दिसतं. प्रयोगशाळेतला एक सेल आपल्याकडे चांगला चालतो, बऱ्याच काळापासून चालतो आहे. गाडी अडते ती त्या एका सेलपासून शंभर सेलच्या स्टॅकपर्यंत आणि स्टॅकपासून रोज चालणाऱ्या यंत्रापर्यंत जाताना. या मधल्या टप्प्यावर पैसा आटतो, माणसं पांगतात आणि योजनेचं नाव बदलतं. भारतातल्या फ्युएल सेल संशोधकाची कारकीर्द समजून घ्यायची तर हा मधला टप्पाच पाहावा लागतो.

मूळ कल्पना जुनी आहे. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९मध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यापासून थेट वीज मिळवून दाखवली. ५० वर्षांनी, १८८९मध्ये, लुडविग माँड आणि चार्ल्स लँगर यांनी तिला व्यवहारात आणण्याचा प्रयत्न केला. फ्रान्सिस बेकन यांनी १९५९मध्ये इंग्लंडमध्ये पाच किलोवॉटचा संच चालवून दाखवला आणि त्याच वाटेवरचे अल्कलाइन सेल पुढे अपोलो यानांतून चंद्राकडे गेले. त्याआधी जेमिनी यानांत पॉलिमर पडद्याचे सेल वापरले गेले होते. आज वाहनांमध्ये दिसतात ते सेल याच दुसऱ्या कुळातले. ग्रोव्हपासून अपोलोपर्यंत सव्वाशेहून अधिक वर्षं गेली, ही गोष्ट तीन वर्षांचे प्रकल्प मंजूर करणाऱ्या समित्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे.

यात रसायन अभियंत्याचं काम काय, असा प्रश्न अनेकदा येतो, कारण फ्युएल सेल म्हटलं की लोकांना विद्युतरसायनशास्त्र आठवतं. उत्प्रेरक शोधणं, त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचं काय होतं ते समजून घेणं, हे रसायनशास्त्रज्ञाचं क्षेत्र खरंच. पण सेल चालू झाला की प्रश्नांचं स्वरूप पालटतं. एका बाजूने हायड्रोजन आत येतो, दुसऱ्या बाजूने हवा. मध्ये केसाहूनही पातळ पडदा, ज्यातून फक्त प्रोटॉन जावेत. पडदा ओला असेल तरच प्रोटॉन जातात. फार पाणी साचलं तर हवेची वाट बुडते आणि सेल गुदमरतो, पाणी कमी झालं तर पडदा वाळून रोध वाढतो. हे सगळं विद्युतप्रवाह बदलेल तसं क्षणाक्षणाला बदलतं. वस्तुमान कुठून कुठे जातं, उष्णता कशी बाहेर पडते, दाब कुठे घटतो, हे प्रश्न रसायन अभियांत्रिकीचा विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून सोडवत असतो. इथे ते सगळे एका चौरस सेंटिमीटरवर एकत्र येतात.

शिवाय एका सेलचा सैद्धांतिक विद्युतदाब १.२३ व्होल्ट. काम घ्यायला लागलं की तो ०.६ ते ०.७ व्होल्टवर उतरतो. म्हणून शंभर-दोनशे सेल एकावर एक रचून स्टॅक करावा लागतो आणि मग त्यातला सगळ्यात दुबळा सेल संपूर्ण स्टॅकचं आयुष्य ठरवतो. हवा शंभर सेलमध्ये सारखी वाटली गेली नाही, एखाद्या प्लेटच्या नालीत पाण्याचा थेंब अडकला, एखादं गॅस्केट जरा कमी दाबलं गेलं, की तिथून बिघाड सुरू. शोधनिबंधात छापला जातो तो बहुधा पाच किंवा पंचवीस चौरस सेंटिमीटरच्या एका सेलचा आलेख. स्टॅकमधला हा बारीकसारीक त्रास निबंधात बसत नाही, म्हणून तो सोसणाऱ्या माणसाच्या नावावर फारसं काही जमा होत नाही. आपल्या व्यवस्थेतला हा मला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो.

उष्णतेचा मुद्दा तर खास आपला आहे. नॅफिऑनसारख्या नेहमीच्या पॉलिमर पडद्याचा सेल ऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास चालतो. जितकी वीज, साधारण तितकीच उष्णता तयार होते. पेट्रोलच्या इंजिनात बरीचशी उष्णता धुराबरोबर निघून जाते. फ्युएल सेलमधून बाहेर पडणारी हवा कोमट असते, त्यामुळे जवळजवळ सगळा भार रेडिएटरवर येतो. जर्मनीत बाहेर पंधरा अंश असतील तर उष्णता बाहेर फेकायला पासष्ट अंशांचा उतार मिळतो. मे महिन्यातल्या नागपुरात पंचेचाळीस अंश असताना तो पस्तीसवर येतो आणि रेडिएटर जवळपास दुप्पट क्षमतेचा लागतो. धुळीचं आणि हवेतल्या गंधकाच्या संयुगांचं वेगळंच. परदेशातला स्टॅक विकत आणून इथे बसवू, असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

एनसीएलमध्ये निवडली गेलेली एक दिशा या दृष्टीने मला विशेष महत्त्वाची वाटते. पॉलिबेन्झिमिडाझोल या पॉलिमरमध्ये फॉस्फोरिक आम्ल मुरवलं की जो पडदा तयार होतो तो दीडशे-एकशेसाठ अंशांवर चालतो. त्याला ओलावा पुरवायची गरज नाही. हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइड मिसळलेला असला तरी तो बऱ्यापैकी सहन करतो. ऐंशी अंशांच्या सेलला दहा लाख भागांत दहा भाग मोनॉक्साइडही जड जातो, इथे मात्र एखाद्या टक्क्यापर्यंत निभावतं. मग अतिशुद्ध हायड्रोजनच्या टाक्या आणण्याऐवजी मिथेनॉल किंवा बायोगॅसपासून जागेवरच हायड्रोजन तयार करता येतो. तोटेही आहेत. सुरू व्हायला वेळ लागतो, आम्ल हळूहळू झिरपून जातं, आकाराच्या मानाने वीज कमी मिळते. मोटारीसाठी हे बरोबर नाही, पण एका जागी उभ्या असलेल्या टेलिकॉम टॉवरसाठी किंवा छोट्या कार्यालयासाठी चांगलं आहे.

हे काम ज्या योजनेतून पुढे गेलं ती निमिटली रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे महासंचालक असताना सुरू झाली. प्रयोगशाळा आणि उद्योग यांनी पहिल्या दिवसापासून एकत्र बसायचं, असा तिचा पाया होता. फ्युएल सेलच्या प्रकल्पात पुण्याची एनसीएल, दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आणि केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेचं चेन्नईचं केंद्र एकत्र आलं. पडदा आणि उत्प्रेरक एकीकडे, कार्बन पेपर दुसरीकडे, स्टॅकची जुळणी तिसरीकडे. सोबत पुण्याची थरमॅक्स आणि मुंबईची रिलायन्स. थरमॅक्सचा सहभाग मला फार समर्पक वाटतो. ही कंपनी वाया जाणाऱ्या उष्णतेवर गारवा निर्माण करणारी शोषण यंत्रं बनवते आणि एकशेसाठ अंशांच्या सेलमधून बाहेर पडणारी उष्णता अशा यंत्राला उपयोगी असते. २६ सप्टेंबर २०१९ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते या प्रकल्पातला पाच किलोवॉटचा संच जाहीर झाला. वीज आणि उष्णता दोन्ही धरून त्याची कार्यक्षमता सत्तर टक्क्यांहून अधिक सांगितली गेली.

एनसीएलचे विद्यमान संचालक डॉ. आशीष लेले यांची वाटचाल या पिढीचं चांगलं उदाहरण आहे. मुंबईची यूडीसीटी (आजची रसायन तंत्रज्ञान संस्था, आयसीटी), मग अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात पीएच.डी., १९९३पासून एनसीएल. मूळ विषय पॉलिमरचा. उत्तेजनाला प्रतिसाद देणारी जेल, वितळलेल्या पॉलिमरचं वाहणं. २००६चं भटनागर पारितोषिक आणि २०१२चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाले. फ्युएल सेलकडे ते पडद्याच्या वाटेने आले, कारण पडदा म्हणजे शेवटी पॉलिमरच. पुढे काही वर्षं ते रिलायन्समध्ये गेले आणि २०२१मध्ये संचालक म्हणून एनसीएलमध्ये परतले. सरकारी प्रयोगशाळा, मोठा उद्योग आणि पुन्हा प्रयोगशाळा, असा फेरा आपल्याकडे दुर्मीळ आहे. उद्योगात गेलेला माणूस आपण गेला असंच धरतो. तो परत येऊ शकला तर कारखान्यातले प्रश्न सोबत घेऊन येतो, आणि मधल्या टप्प्यावर त्याच जाणिवेची गरज असते.

दुसरी वाट आयआयटीची. सुद्धसत्त्व बसू यांनी दिल्ली आयआयटीच्या रसायन अभियांत्रिकी विभागात थेट इथेनॉलवर चालणाऱ्या सेलवर दीर्घकाळ काम केलं, २००७मध्ये या विषयावरचा एक संपादित ग्रंथ काढला आणि नंतर भुवनेश्वरच्या खनिज आणि पदार्थ तंत्रज्ञान संस्थेचं संचालकपद सांभाळलं. इथेनॉलचा सेल कल्पनेला मोहवतो, साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला तर अधिकच. पण इथेनॉलच्या रेणूतला दोन कार्बन अणूंमधला बंध कमी तापमानाला तुटत नाही. ऑक्सिडीकरण बव्हंशी ॲसिटिक आम्लापाशी थांबतं आणि इंधनातली ऊर्जा अर्ध्याहून अधिक तशीच राहते. अशा प्रश्नावर वर्षानुवर्षं काम करणं म्हणजे उत्पादनाची आशा बाजूला ठेवून ज्ञानाची भर घालणं. त्याचं मोल मी कमी लेखत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले आणि पुढे विद्युतरसायन संस्थेचे संचालक झालेले अशोककुमार शुक्ला यांचंही मिथेनॉल आणि बोरोहायड्राइड सेलवरचं काम याच जातीचं. ही विद्युतरसायन संस्था आहे तमिळनाडूतल्या कारैकुडीला. अळगप्पा चेट्टियार यांनी दिलेल्या तीनशे एकर जमिनीवर १९४८मध्ये तिचा पाया घातला गेला. आपल्या देशात विद्युतरसायनशास्त्राचं घर एका दानशूर व्यापाऱ्यामुळे उभं राहिलं, हे महाराष्ट्रात फारसं कुणाला ठाऊक नसतं.

आता तरुण संशोधकाकडे वळू. बी.टेक., गेट किंवा नेट, मग पाच वर्षांची पीएच.डी. कनिष्ठ संशोधकाची पाठ्यवृत्ती जानेवारी २०२३पासून महिन्याला ३७,००० रुपये झाली. त्याच्या बरोबरीचा वर्गमित्र सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या कुठे पोचलेला असतो. पडदा परदेशातून येतो, प्लॅटिनमचा उत्प्रेरक परदेशातून, कार्बन पेपर बहुधा जपान किंवा जर्मनीतून, आणि चाचणी करणारं टेस्ट स्टेशनही. माल कस्टम्समधून सुटेपर्यंत प्रकल्पाची मुदत सरत असते. तीन वर्षांच्या प्रकल्पात पहिलं वर्ष खरेदीत, दुसरं यंत्र लावण्यात आणि तिसरं निबंध लिहिण्यात जातं. स्टॅकचा टिकाऊपणा मोजायचा तर हजारो तास सलग चालवावा लागतो. तेवढा हायड्रोजन, तेवढी माणसं आणि तेवढी मुदत कुणाच्याच मंजुरीपत्रात नसते. मग विद्यार्थी नवा उत्प्रेरक करून एका आलेखावर पदवी घेतो. यात त्याचा दोष नाही.

जगातही या क्षेत्राला भरती-ओहोटी आहे आणि तिच्यात माणसं भरडली जातात. २००३मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी हायड्रोजनसाठी १२० कोटी डॉलर जाहीर केले. भारतातून कितीतरी मुलं या विषयात पीएच.डी. करायला तिकडे गेली. त्यांचे प्रबंध पुरे व्हायच्या सुमारास, २००९मध्ये, ऊर्जामंत्री स्टीव्हन चू यांनी हायड्रोजन वाहनांचा निधी मोठ्या प्रमाणात कापण्याचा प्रस्ताव मांडला. अमेरिकी काँग्रेसने निधी बराचसा वाचवला, पण हवा बदलली होती. अनेकजण बॅटरीकडे वळले. जे टिकले त्यांच्यात सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले विजय रमाणी यांच्यासारखे रसायन अभियंते आहेत. टिकलेल्यांपैकी दुसरे के. आर. श्रीधर, शिक्षणाने यंत्र अभियंते. मंगळावर ऑक्सिजन तयार करण्याच्या नासाच्या प्रकल्पातून त्यांनी घन ऑक्साइड सेलकडे मोर्चा वळवला आणि २००१मध्ये जी कंपनी काढली तीच आजची ब्लूम एनर्जी. तिला शेअर बाजारात यायला १७ वर्षं लागली. एवढा काळ धीर धरणारं भांडवल तिला मिळालं, हे विसरता येणार नाही.

आपल्याकडे असा धीर कुणी धरला असेल तर तो नौदलाने, आणि ही कथा मुंबईपासून तासाभरावर घडली आहे. अंबरनाथला डीआरडीओची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे. डिझेल-विद्युत पाणबुडीला बॅटरी भरायला दर एक-दोन दिवसांनी पृष्ठभागाजवळ यावं लागतं, आणि त्या वेळी ती शत्रूला सापडू शकते. फ्युएल सेल असला तर ती दोन आठवड्यांच्या आसपास खाली राहू शकते. जर्मनांनी पॉलिमर पडद्याचे सेल घेतले आणि हायड्रोजन धातूच्या हायड्राइडमध्ये साठवला. अंबरनाथकरांनी वेगळा रस्ता धरला. फॉस्फोरिक आम्लाचा सेल, आणि हायड्रोजन साठवण्याऐवजी सोडियम बोरोहायड्राइडपासून पाणबुडीतच तयार करायचा. या अभिक्रियेत निम्मा हायड्रोजन पाण्यातूनच येतो, ही तिची मोठी सोय. हे रसायन अभियांत्रिकीचं अस्सल काम आहे. बंद पोलादी नळीत, माणसांच्या शेजारी, हायड्रोजन तयार करणारा रिॲक्टर सुरक्षित चालवायचा. उष्णता किती, उरलेलं बोरेट कुठे ठेवायचं, पाणबुडीचं वजन बदलू न देता ते कसं साधायचं.

८ मार्च २०२१ रोजी या प्रणालीच्या जमिनीवरच्या नमुन्याने आपली चाचणी पार केली. लार्सन अँड टुब्रो आणि थरमॅक्स हे उद्योग सोबत होते. जानेवारी २०२३मध्ये फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपशी कलवरी पाणबुडीत ती बसवण्यासाठी करार झाला. डिसेंबर २०२४मध्ये संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉकला सुमारे १,९९० कोटी रुपयांचं कंत्राट दिलं, पाणबुडीत जोडायचा नवा विभाग बांधून त्यात ही प्रणाली बसवण्यासाठी. उशीर झाला आहेच. कलवरी २०१७मध्येच नौदलात दाखल झाली होती. तरीही प्रयोगशाळेपासून कंत्राटापर्यंतचा मधला टप्पा पार केलेलं देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण हेच आहे. कारण ग्राहक एकच होता, त्याला वस्तू खरोखर हवी होती आणि तो वर्षानुवर्षं बदलला नाही. तिथल्या संशोधकांची नावं शोधनिबंधांतून फारशी झळकली नाहीत. त्यांना मिळायला हवा होता तितका मान आपण दिलेला नाही.

इस्रोचंही असंच. १ जानेवारी २०२४ला उडालेल्या पीएसएलव्ही-सी५८च्या चौथ्या टप्प्यावर विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने पॉलिमर पडद्याचा सेल अवकाशात चालवला आणि त्यातून १८० वॉट वीज मिळाली. आकडा छोटा आहे, पण गरज स्पष्ट आहे.

गरजेचाच प्रश्न असेल तर वाहनांबद्दल मला स्पष्ट बोललं पाहिजे. पाण्याच्या विघटनाने एक किलो हायड्रोजन मिळवायला पन्नास-पंचावन्न युनिट वीज लागते. तो दाबायला आणखी काही. त्या एका किलोत ऊर्जा असते तेहतीस युनिट आणि सेलमधून हाती येतात सतरा-अठरा. म्हणजे घातलेल्या विजेचा तिसरा हिस्सासुद्धा चाकापर्यंत पोचत नाही. बॅटरीत ऐंशी टक्क्यांच्या आसपास पोचतो. घरच्या मोटारीसाठी हा सौदा परवडण्यासारखा नाही, आणि आपल्या संशोधकांना मोटारीच्या उद्दिष्टाला जुंपण्यात बराच काळ गेला असं माझं मत आहे. लांब पल्ल्याचा जड ट्रक, लडाखसारखा थंड प्रदेश, जहाज, पाणबुडी, सतत वीज लागणारा टॉवर, इथे गणित बदलतं. केपीआयटी-सीएसआयआरची बस ऑगस्ट २०२२मध्ये पुण्यात सादर झाली, कोचीन शिपयार्डची फ्युएल सेलवरची बोट फेब्रुवारी २०२४मध्ये पाण्यात उतरली. मोटारीकडून बसकडे आणि बोटीकडे, हा बदल योग्य दिशेने झाला आहे.

सध्या तरुण मंडळी मोठ्या संख्येने इलेक्ट्रोलायझरकडे वळताना दिसतात. त्यामुळे फ्युएल सेलवर दिलेला वेळ वाया गेला असं कुणी समजू नये. फ्युएल सेल उलटा चालवला की पाण्यापासून हायड्रोजन मिळतो. पडदा तोच, लेप देण्याचं कसब तेच, स्टॅक आवळण्याचे प्रश्न तेच. फरक पडतो तो पदार्थांत. ऑक्सिजनच्या बाजूला विद्युतदाब इतका चढतो की कार्बन टिकत नाही, टायटॅनियम घ्यावं लागतं आणि प्लॅटिनमच्या जागी त्याहून दुर्मीळ इरिडियम. दहा वर्षं फ्युएल सेलवर घालवलेल्या अभियंत्याला हे शिकायला वर्षही लागत नाही.

४ जानेवारी २०२३ला मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचा एकूण खर्च १९,७४४ कोटी रुपये. त्यातले १७,४९० कोटी उत्पादनाच्या प्रोत्साहनासाठी, १,४६६ कोटी प्रायोगिक प्रकल्पांसाठी आणि ४०० कोटी संशोधन-विकासासाठी. संशोधनाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास. तो कमी आहे यात शंका नाही, पण माझं लक्ष त्या १,४६६ कोटींकडे आहे, कारण मधल्या टप्प्यासाठी स्वतंत्र ओळ अर्थसंकल्पात पहिल्यांदाच एवढ्या ठळकपणे आली आहे. मार्च २०२५मध्ये या निधीतून पाच प्रकल्पांना मंजुरी मिळाली. एकूण ३७ बस आणि ट्रक, त्यातली १५ वाहनं फ्युएल सेलवरची, बाकीची हायड्रोजन इंजिनाची. ठरवलेल्या मार्गांत पुणे-मुंबईही आहे, म्हणजे भर उन्हाळ्यात बोरघाट चढायचा, पूर्ण भार आणि कमी वेग असताना. या चाचण्यांत दर हजार तासांना प्रत्येक सेलचा विद्युतदाब किती घसरला, पडदा कुठे फाटला, रेडिएटर कोणत्या वळणावर अपुरा पडला, ही माहिती नोंदली जाईलच. ती कंत्राटदाराच्या कपाटात न ठेवता एनसीएल, आयसीटी आणि आयआयटीच्या विद्यार्थ्यांना खुली करण्याची अट मंजुरीपत्रातच घातली जावी.